तिसरं सँडविच

सोलापूर स्टँडजवळच्या त्या छोट्या दुकानात मंगळवेढ्याहून आलेल्या गिऱ्हाइकानं सँडविच परत सरकवलं. "कडेला करपलंय बघा."

"चुकलंच काका, दुसरं देतो की!" सिद्धू हसून म्हणाला आणि पडद्यामागं जाऊन आईवर कन्नडमध्ये खेकसला, "डोळे फुटले काय तुझे?" भुवनेश्वरीनं नवा ब्रेड घेतला.

दुसरंही परत आलं. काकडी कडू होती.

"लगेच बदलतो, बसा निवांत." सिद्धू आणखी गोड झाला. आत जाऊन मात्र त्यानं सुरी फळीवर आपटली. "चाखून बघता येत न्हाय? एक काम धड जमत न्हाय तुला!" हेही कन्नडमध्येच. बाहेर मराठी बोलणाऱ्याला काय कळणार?

तिसरं सँडविच भुवनेश्वरी स्वतः घेऊन आली. गिऱ्हाइकानं ते शेवटच्या घासापर्यंत सावकाश खाल्लं, हात धुतले आणि तिच्याशी स्वच्छ कन्नडमध्ये बोलला.

"अक्का, मी अक्षताचा बाप. रविवारी सिद्धूसाठी मुलगी बघायला येऊ नका. लग्नानंतर त्या पडद्यामागं तीच उभी राहणार होती ना?"