चुणी

नट अर्धा सुटला आणि कॅरिअर हललं.

हर्षालीनं पाना जागच्या जागी धरला. गोठ्याच्या लोखंडी तुळईवरून घेतलेला दोर कॅरिअरला बांधला होता, आणि त्या दोरावर मोटरसायकलचा मागचा भाग टांगलेला होता. चाक जमिनीपासून वीतभर वर. डबल स्टँड कधीच गंजून तुटला होता, म्हणून ही सगळी खटपट. पुढचं चाक गव्हाणीला टेकवून हँडल दोन्ही बाजूंनी बांधलं होतं. सगळं नीट केलं होतं. फक्त बदलायच्या शॉकअपच्या नटातच कॅरिअरचा पायही अडकवलेला आहे, हे पाहायचं राहिलं होतं. अजून थोडा फिरवला असता तर कॅरिअर हातात आलं असतं आणि गाडी खाली.

"काय झालं?" आईनं विचारलं. ती खांबाशी दोराचं टोक धरून बसली होती.

"चुकीच्या जागी बांधलंय. खाली घ्यावी लागंल."

"परत?"

"परत."

हर्षालीनं नट पुन्हा आवळला. आईनं खांबाभोवतीचे वेढे एकेक करून सैल केले, तशी गाडी हळूहळू चाकावर आली आणि डावीकडं बसली. दुधाचा कॅन नेहमी डावीकडं असायचा. त्या बाजूचा शॉकअप तेल गळून गळून मेला होता. कॅन बंद होऊनही वर्ष झालं होतं. गोठाही रिकामाच होता.

उद्या शिनोलीला जायचं होतं. हर्षालीच्या वडलांचं, नानांचं, तेरावं झालं होतं, आता आईचं पहिलं पाऊल माहेराकडं पडायचं. सुभाषमामा जीप घेऊन येतो म्हणाला होता. आईनं नको म्हणून सांगितलं. नानांची ही गाडी दारात आल्यापासून ती माहेरी दुसऱ्या कशानं गेली नव्हती. काल हर्षालीनं तिला मागं बसवून कळंबच्या फाट्यापर्यंत नेऊन पाहिलं. प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आदळत होतं. आई वाटभर कॅरिअर धरून ताठ बसली. घरी आल्यावर मात्र तिला गाडीवरून उतरता येईना. गॅरेजवाला भागू गाडी दोन दिवस ठेवा म्हणाला, तेव्हा हर्षाली मंचरला जाऊन नवे शॉकअप घेऊन आली होती.

"मामाला फोन करू का?" ती म्हणाली. "अजून वेळ हाय."

"त्याची जीप काय पळून चाललीय? आधी दोर बांध."

हर्षालीनं सीट काढली. सांगाड्याचा आडवा पाईप दिसला. दोर तिथून घेतला तर कुठलाही नट सुटला तरी गाडी पडणार नव्हती. पण पाईपालगत वायरी होत्या, दोर आवळला की त्या चिरडणार.

"रुंद काहीतरी पायजे. मऊ."

"पोतं?"

"पोतं टिकणार न्हाई."

आई कमरेवर हात देऊन उठली आणि घरात गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. ती आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेलं विटकं जांभळं लुगडं होतं.

हर्षालीनं ते ओळखलं.

"हे अजून हाय?"

"त्यांचं सगळं देऊन टाकलं. हे माझं व्हतं. ह्याचं काय करायचं, ते कुणी सांगितलं न्हाई."

नाना अंथरुणाला खिळल्यापासून चार पदरी घडी करून ते त्यांच्या कमरेखालून सरकवायचं. एक टोक आईकडं, एक हर्षालीकडं. आईनं 'हं' म्हटलं की दोघींनी एकदम उचलायचं. आईची कंबर त्यातच गेली. "सावकाश गं," नाना म्हणायचे, "मी काय कांद्याची गोणी हाय का?" खाली ठेवताना आई हात घालून चाचपायची. चुणी राहिली की त्यांच्या कातडीत रुतायची. पुढं पुढं ते गोणीचं म्हणेनासे झाले, तरी आई चाचपायची.

हर्षालीनं कॅरिअरचा दोर सोडला, लुगड्याची चार पदरी घडी केली, वायरी बाजूला सारून ती पाईपाखालून घेतली, दोन्ही टोकं वर आणून दोराशी पक्की बांधली. टोमॅटोचे दोन क्रेट आणि एक ओंडका हाताशी ओढून ठेवला. मग गुडघे वाकवून तिनं सांगाड्याखाली हात घातले. आई खांबाशी बसली. दोर हातात घेतला.

"हं," आई म्हणाली.

गाडी वर आली. आईनं दोर ओढून खांबाला वेढे दिले, हर्षालीनं पायानं क्रेट आत सारले, वर ओंडका बसवला. मागचं चाक मोकळं फिरून थांबलं. तिनं नट सोडला. कॅरिअर एका बाजूनं लोंबलं. गाडी जागची हलली नाही.

"झालं, आई. आता काय पडत न्हाई. तू जा, जरा पाठ टेक."

आई गेली नाही. दोराला गाठ मारून ती उठली, गाडीजवळ आली आणि पाईपाखाली हात घालून चाचपू लागली. एका जागी तिचा हात थांबला. तिनं अंगठ्यानं ओढून पाहिलं. लुगडं ताणलेलं होतं, सरळ होईना. तिनं पुन्हा ओढलं.

हर्षालीनं तिच्याकडं पाहिलं. मग पाना खाली ठेवला, मागं गेली आणि सांगाड्याखाली परत हात घातले.

"हं," ती म्हणाली आणि गाडी बोटभर वर उचलून धरली, आईचं होईपर्यंत.