वगळलेल्या ओळी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने सत्तेचाळिसावी ओळ वगळली. तिचे वडील, अण्णा, बेपत्ता होऊन सहावा दिवस चालू होता.

घर खायला उठत होतं म्हणून ती प्रयोगशाळेत आली होती. मोसमाच्या नोंदी आज पाठवायच्या होत्या. फोन टेबलावर, डोळ्यांसमोर. शेजारी पत्रकांचा गठ्ठा: वय अठ्ठ्याहत्तर, उजवा पाय ओढत चालतात, स्वतःचं नाव सांगता येईलच असं नाही. शोध शहरातच चालला होता. पाय ओढणारा माणूस दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही, असं हवालदारांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. अण्णांच्या इन्सुलिनचं पेन घरी फ्रिजच्या दारातच राहिलं होतं. त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

शहराबाहेर नऊ किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला तिचं मोजणी केंद्र होतं. एक खोली, एक यंत्र आणि भिंतीतून बाहेर काढलेली, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर थांबणारी नळी. झाडं हवेत काय सोडतात आणि त्याचं पुढे काय होतं, हे यंत्र दर पाच मिनिटांनी टिपायचं. "आमच्या बाईसाहेब झाडांचे गॅसेस मोजतात," असं तिचा दादा पाहुण्यांना सांगायचा, आणि अण्णा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

वगळण्याचा नियम तिनेच लिहिला होता. आयसोप्रीन नावाचा वायू झाडं फक्त उजेडात सोडतात. माणूस मात्र तो रात्रंदिवस श्वासातून सोडतो. तेव्हा अंधारात आयसोप्रीन दिसला आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही वाढलेला असला, की नळीपाशी कोणीतरी उभं आहे असं समजायचं. ती नोंद झाडांची नाही. वगळायची. शुक्रवार ते सोमवार, रोज पहाटे पाच ते सहा, नळीपाशी कोणीतरी होतं.

तंत्रज्ञ दारात आला तेव्हा तिने मान वर केली नाही.

"पुन्हा नळीच्या तोंडाशी बसून सिगरेट का? कितीदा सांगायचं तुम्हाला? सत्तेचाळीस नोंदी गेल्या."

त्याची दाढी वाढली होती, हे तिला मग दिसलं.

"मॅडम, गुरुवारपासून मी केंद्रावर पाऊल ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "काल पहाटे साडेपाचला मी आणि तुमचे दादा शवागाराच्या दारात उभे होतो. अण्णांनाच शोधत."

"मग दुसरं कोण जाणार? किल्ली माझ्या खणात आहे."

"खोलीची. मागचं कुंपण पावसाळ्यापासून पडलंय. दोनदा अर्ज दिलाय मी." तो दारातून आत आला. "ती नळीखालची पेटी अजून तिथेच आहे, मॅडम."

आई गेल्यावर अण्णांना एकटं ठेवता येईना. वर्षभर दर रविवारी पहाटे पाचला ती त्यांना केंद्रावर नेत होती. यंत्राच्या रिकाम्या लाकडी पेटीवर ते तासन्‌तास बसून राहत, भिंतीला टेकून, नळीच्या बरोबर खाली. "झाडांची नाडी बघतेस होय?" ते विचारत. दर रविवारी नव्याने. पुढे त्यांचा पाय दुखावला आणि ते जाणं बंद झालं. शहरातून निघणारी एक बस केंद्राच्या फाट्यापर्यंत जाते, हे तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, पण ते विसरले असतील असं ती धरून चालली होती.

वगळलेल्या ओळी तिने परत आणल्या. या वेळी तिने आयसोप्रीन पाहिला नाही. ॲसिटोनचा रकाना पाहिला. नखांचा रंग पुसायच्या द्रवाला जो वास येतो, तो ॲसिटोनचा. साखर हाताबाहेर गेली की माणसाच्या श्वासालाही तोच येतो. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बसवून समजावलं होतं: असा वास आला तर एक मिनिट थांबू नका. शुक्रवारी आकडा नेहमीपेक्षा थोडा वर होता. शनिवारी दुप्पट. रविवारी चौपट. सोमवारी आकड्याभोवती लाल चौकट आली होती, आणि यंत्राला सफाई हवी अशी टीप तिने त्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिली होती.

"दादाला फोन करा," ती म्हणाली. "रुग्णवाहिका केंद्रावर बोलवा. तुम्ही पुढे निघा."

तंत्रज्ञ जिन्यावरून धावत खाली गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तिथे पोचायला त्याला वीस मिनिटं लागणार होती.

तिने आज पहाटेचा आलेख उघडला. पाच ते सहा. रेघ साफ होती, कुठे टाचणीएवढाही उंचवटा नव्हता.

तेव्हा तिला काल संध्याकाळ आठवली. रोजच्या त्या गडबडीला वैतागून, घरी पलंगावर बसल्या बसल्या, तिने वगळण्याचा नियम थेट केंद्रावरच्या यंत्रालाच लावून टाकला होता. आता श्वासाची नोंद यंत्र पाठवणारच नव्हतं. त्या जागी ते आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी भरणार होतं, कोणाला कळूही नये इतकी बेमालूम. मूळ नोंद फक्त तिथल्या डिस्कवर होती.

आणि आता उजेड होता. झाडं आपलं काम करत होती. त्यांच्या त्या ढगात एका माणसाचा श्वास शोधणं कोणालाच शक्य नव्हतं. तिलाही नाही.

ती पुन्हा आलेखाकडे वळली. पाच ते सहा, साफ रेघ. नळीपाशी श्वास नव्हता म्हणून, की तिचा नियम चोख चालला म्हणून, हे त्या रेघेवरून कळायला काही मार्ग नव्हता.