सोबत्याची हवा

धक्क्यावर बसून होणारा जावई हवेच्या टाकीला दोन नळ्या जोडत होता. लांब नळी तोंडात धरायची, आखूड राखीव म्हणून गळ्यात.

"जावईबापू, ती लांब कशाला हो?" जन्मभर पाणबुड्याचं काम केलेल्या सासऱ्यांनी मुद्दाम विचारलं.

"सोबत्याची हवा संपली तर तोंडातली त्याला द्यायची, काका. आपण गळ्यातली घ्यायची."

"बोलायला काय जातंय! पाण्याखाली भलेभले पाठ फिरवतात."

"बाबा, पुरे झालं," मुलगी म्हणाली आणि तिघं पाण्यात उतरले.

तळाशी पोहोचताच मुलीने गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपल्याची ती खूण. त्याने तोंडातली नळी तिला दिली आणि गळ्यातली स्वतः घेतली. तेवढ्यात मागून खांद्यावर थाप पडली. सासरेही तीच खूण करत होते.

त्याने वर पाहिलं. उजेड फार लांब होता. तरी त्याने दुसरी नळी काढून त्यांना दिली आणि दोघांना घट्ट धरून, श्वासाविना वर निघाला.

धक्क्याच्या शिडीला लटकून तो कितीतरी वेळ खोकत राहिला. मग त्याची नजर त्यांच्या हवा मोजणाऱ्या काट्यांवर गेली. दोघांच्याही टाक्यांत भरपूर हवा होती.

"मी तर नुसती परीक्षा बघत होते," मुलगी चाचरत म्हणाली. "पण बाबा, तुम्ही?"

"मीही तेच! पोरगा पास झाला बघ. आता मुहूर्त काढू."



"नको, काका. तुमच्या घरात मला श्वास घेता येईल असं वाटत नाही."