डोंगराची मागची बाजू

"जरा हळू चला ना, आई!" मी म्हणाले, पण सासूबाई थांबल्या नाहीत. कालच्या वादळातून त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, होडी परतली नव्हती. आमच्या मागून चालत येणाऱ्या, शेजारच्या वैजूच्या नवऱ्याचीही नाही.

होडी अडकली की आमच्याकडे बायका देवीच्या डोंगराला फेऱ्या घालतात. अर्ध्यावरून मागं वळायचं नाही. वळलं तर होडीही वळते म्हणे. पुढच्या बाजूनं सगळा दर्या दिसायचा, रिकामा. मागच्या बाजूला नुसत्या करवंदीच्या जाळ्या. तिथं तर जीव टांगणीला लागायचा.

तिथंच असताना खालून ओरडा आला, "होडी आली!" मी वळणार तोच सासूबाईंनी मनगट धरलं. "पुढं चल गो."

वळण ओलांडलं, फेरी पुरी झाली. खाडीच्या तोंडाशी आमच्या होडीचा लाल बावटा! नवरा उभा राहून हात हलवत होता. मी बंदराच्या पायवाटेकडे धावले.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि वैजूचा हात धरला. तिच्या नवऱ्याच्या होडीचा हिरवा बावटा कुठंच नव्हता.

"चल, अजून एक फेरी," त्या तिला म्हणाल्या.

मी पायवाटेच्या तोंडाशीच थांबले, वरूनच नवऱ्याला हात हलवला आणि दोघींच्या मागं, दर्या न दिसणाऱ्या बाजूला वळले.