राखलेला डोह

नवा जिल्हा झाला, पण पावसानं तोंड दाखवलं नाही. उदगीरकडचा तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला. त्यात बीजासाठी राखलेले दोन-चार मरळ मासे होते. गंगव्वा होती तोवर तिनं त्यात कुणाला जाळं टाकू दिलं नाही. ती गेल्यावर तिचा नवरा सायन्ना राखण करायचा.

आज आमदार त्याच्याकडं जेवायला आले. मासेमारीच्या ठेकेदाराला हटवून तलाव मासे धरणाऱ्या भोयांना देणारा कायदा त्यांनी मुंबईत भांडून करून आणला होता. असा पाहुणा भोयाच्या घरून माशाविना कसा उठणार? पहाटेच सायन्नानं डोहात जाळं टाकलं होतं.

"मुंबईत मासे लई खाल्ले काका, पण ही चव न्हाई," आमदार म्हणाले. "आन् गंगव्वा मावशीनं सांगितलेलं कायद्यात घातलंय बरं का. दुष्काळात डोहातलं बीज कुणीच धरायचं न्हाई."

सायन्नाला मान वर करवेना.

"हात धुतो, मग चला. मावशीचा डोह बघायचाय."

"घाई काय हाय साहेब," सायन्ना म्हणाला, आणि पातेल्यातला शेवटचा तुकडा त्यानं आमदारांच्या ताटात वाढला.