मागचा जिना

सहा महिने गणिताचे मास्तर रोज पहाटे फुलाफुलांचा झगा आणि उंच टाचांचे सँडल घालून इमारतीच्या मागच्या जिन्यात चालायचा सराव करत होते. शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबाही उचकून बघणारी इमारतीतली माणसं; एकाने जरी ओळखलं असतं, तर दुसऱ्या दिवशी वर्गावर जायची सोय उरली नसती.

अखेर एका रविवारी, भरदुपारी, मनाचा हिय्या करून ते पुढच्या दाराने निघाले. वॉचमनने त्यांना डोक्यापासून टाचांपर्यंत न्याहाळलं.



“मास्तर, मागच्या जिन्यात कॅमेरा आहे,” तो फाटक उघडत म्हणाला. “तुम्ही धडपडायचं थांबलात, तेव्हाच म्हटलं, आता येतील पुढून.”