एकही किडा नाही

समोरच्या मार्जरीबाईंनी यंदा झुकिनीच्या रोपांभोवती झेंडू आणि नॅस्टर्शियमच्या फुलझाडांचं कडंच केलं. "या वासानं किडे फिरकत नाहीत, औषध मारायचं कामच नाही," हे त्या चर्चमध्ये सांगायच्या, पोस्टात सांगायच्या, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनसुद्धा सांगायच्या.

बाईंचं म्हणणं खरं निघालं, हीच पंचाईत झाली. एरवी निम्म्या झुकिन्या किडे फस्त करायचे, यंदा एकीलाही साधा ओरखडा नाही. ऑगस्ट लागला तशी बाईंनी टोपली उचलली आणि दारोदार वाटप सुरू केलं. आमच्या व्हरमाँटच्या या गावात कुणी घरालाही कुलूप लावत नाही. पण हल्ली चर्चला जाताना सगळे गाडी कुलूपबंद करतात, नाहीतर प्रार्थना संपेपर्यंत मागच्या सीटवर डझनभर झुकिन्या येऊन बसलेल्या असतात. बाई कोपऱ्यावर दिसल्या की गल्लीतले पडदे पटापट ओढले जातात.

काल त्यांचा नवरा एव्हरेट नर्सरीत भेटला. महिनाभर झुकिनीचं सूप, झुकिनीची भाजी आणि वर झुकिनीचाच केक खाऊन गडी हिरवट दिसायला लागलाय.

"काय रे, आणखी झेंडू न्यायला आलास?" मी विचारलं.

त्यानं आजूबाजूला बायको नाही याची खात्री केली आणि काउंटरवरच्या मुलीकडे वाकून हळूच म्हणाला,


"पोरी, झुकिनी खाणारे किडे मिळतील का गं डबीभर?"